रक्तगटही साखरच ठरवते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्याच्या आरोग्य पुरवणीत कर्बोदकांवर पानभर मजकूर होता. प्रथिने शरीर बांधतात, कर्बोदके हे निव्वळ इंधन, आणि इंधन दुसरीकडून मिळाले तर त्यांच्यावाचून काही अडत नाही, असा त्याचा सूर. वजन कमी करायला कोणी काय खावे, हा माझा प्रांत नाही. पण माझी सगळी नोकरी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून झाली. त्यामुळे 'निव्वळ इंधन' वाचल्यावर राहवले नाही.

रक्तगट तपासताना तांबड्या पेशी निळ्या अँटी-ए आणि पिवळ्या अँटी-बी द्रावणात मिसळतात आणि गुठळ्या कुठे होतात ते बघतात. द्रावणातल्या अँटिबॉडीज (ठरावीक खूण ओळखून तिला चिकटणारी प्रथिने) पेशीवर ओळखतात ती चक्क साखर! पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांना आणि मेदांना जोडलेल्या शर्करांच्या छोट्या साखळ्या असतात. मूळ साखळी 'एच'. तिच्या टोकाला गॅलॅक्टोज ही शर्करा जोडली गेली की बी गट, एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन ही तिचीच बहीण जोडली गेली की ए. दोन्ही प्रकारची टोके असली तर एबी, काहीच जोडले गेले नाही तर ओ. म्हणजे ए आणि बी यांच्यातला फरक एकाच शर्करेच्या दुसऱ्या कार्बनवर काय बसले आहे एवढाच, आणि तेवढ्यावरून चुकीचे रक्त चढले तर माणूस दगावू शकतो.

काही थोड्या लोकांत मूळ 'एच' साखळीच पुरी होत नाही, कारण फ्यूकोज नावाची शर्करा जोडणारे एन्झाइम त्यांच्यात काम करत नाही. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली याची नोंद केली; जगभर त्याला 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. नुसत्या पेशी तपासल्या तर तो ओ दिसतो, पण ओ गटाचे रक्त या माणसांना चालत नाही. म्हणून आम्ही सीरम ग्रुपिंगही करायचो, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्तातला द्रव माहीत असलेल्या गटांच्या पेशींत मिसळून बघायचो, आणि ओ पेशींबरोबर गुठळ्या दिसल्या की पिशवी द्यायची थांबवायचो. हे सगळे एका न जोडल्या गेलेल्या शर्करेपायी.

आता बांधणीबद्दल. लेखातल्या तक्त्यात साखर, पिष्ट आणि तंतू एकाच रकान्यात कोंबले होते. पिष्ट आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनतात हे खरे, पण सगळी मेख जोडणीत आहे. ग्लुकोजच्या कड्यातल्या पहिल्या कार्बनवरचा ऑक्सिजन एका बाजूला असला तर अल्फा, दुसऱ्या बाजूला असला तर बीटा. अल्फा जोडणीने साखळी वळत जाते, पिष्ट तयार होते आणि आपल्या लाळेतले अमायलेज ते तोडू शकते. बीटा जोडणीत एकाआड एक ग्लुकोज उलटे बसते, साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरतात आणि सेल्युलोजचा चिवट धागा होतो. तो तोडणारे एन्झाइम माणसाकडे नाही. गाईकडेही नाही, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायां यांनी १८३८ साली वनस्पतींतून हा पदार्थ वेगळा केला. कर्बोदके काही बांधत नाहीत असे सांगणारा लेख आपण ज्या कागदावर छापलात, त्या कागदाचा मोठा भाग हेच जोडलेले ग्लुकोज आहे. कीटकांचे कवच आणि बुरशीची पेशीभित्तिका यांतले कायटिनही याच कुळातले. डीएनएच्या कण्यातली डीऑक्सिरायबोज हीसुद्धा शर्कराच.

लेखातला एक मुद्दा मात्र मान्य. काही अमिनो आम्ले आहारातून मिळालीच पाहिजेत, तसे अत्यावश्यक कर्बोदक कोणतेही नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. आहारातून ग्लुकोज मिळाले नाही तर यकृत ते स्वतः तयार करते, वेळ पडली तर स्नायूंतल्या प्रथिनांतून सुटलेली अमिनो आम्ले वापरून. तांबड्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे) नसतात, त्यामुळे मेदापासून ऊर्जा काढणे त्यांना जमत नाही. त्या ग्लुकोजवरच जगतात. ज्याच्यावाचून काही अडत नाही, त्यासाठी शरीर स्वतःचे स्नायू कशाला मोडेल?

साठवणीचीही तीच तऱ्हा. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ साली यकृतातून ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला ग्लुकोजचा साठा, वेगळे केले. ग्लुकोजचे सुटे रेणू एवढ्या संख्येने पेशीत ठेवले तर ती पाणी ओढून फुगेल. एका मोठ्या रेणूत जोडून ठेवले की तो प्रश्न मिटतो. शिवाय त्याला फांद्या इतक्या, की अनेक टोकांवरून एकाच वेळी ग्लुकोज सोडवता येते. पळताना स्नायूंना ते तातडीने लागते.

पुरवणीत पुन्हा असा तक्ता छापणार असाल तर शर्करा, पिष्ट आणि तंतू यांचे रकाने निदान वेगळे ठेवा. आणि 'निव्वळ इंधन' या विधानाची दुरुस्ती पुढच्या अंकात एका ओळीत दिलीत तरी पुरे.

– एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ