माझ्याच्याने नाही होणार, म्हणालीस म्हणून

प्रिय अनू,

बाळंतपणाबद्दलचा तुझा मेसेज वाचला. ‘बाकीच्या बायकांना जमत असेल, माझ्याच्याने नाही होणार.’ फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहूनच टाकते. ‘काही होत नाही गं, धीर धर’ असलं मी लिहिणार नाहीये. ते म्हणणारे तुझ्याभोवती पुष्कळ असतील, आणि बीपी १४०/९० च्या वर गेलेल्या बाईची ते ऐकून नुसती चिडचिड होते, हे मी लेबर रूममध्ये रोज बघते.

तुझ्या त्या वाक्यावर चक्क संशोधन झालंय. नॅन्सी लो या अमेरिकेतल्या नर्स-संशोधिकेने १९९३ मध्ये बाळंतपणाबद्दलच्या आत्मविश्वासाची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात एकच गोष्ट दोनदा विचारतात. अंग सैल सोडलं, श्वासावर लक्ष ठेवलं तर कळा सोसायला मदत होईल का? आणि ते तुला स्वतःला जमेल का? पहिल्याला पटकन हो म्हणणारी बाई दुसऱ्याला अडखळते. तू अडखळलीस ती नेमकी तिथेच.

‘हाय रिस्क’चा शिक्का बसला की हे अडखळणं वाढतं. दर तपासणीला बीपी, लघवीतलं प्रोटीन, बाळाची वाढ, सगळे आकडे दुसऱ्यांच्या हातात. तुझ्याकडे काम काय, तर वाट बघायची. आपल्या शरीरात काय बिघडलंय एवढंच महिनोन्‌महिने ऐकायचं आणि शेवटच्या दिवशी त्याच शरीरावर भरवसा टाकायचा, हे कुणाला जमेल?

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं की असा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो स्वतः करून पाहिल्याने. तुझं पहिलंच बाळंतपण, तेव्हा तो मार्ग बंद, असं वाटेल. पण बाळंतपण अख्खंच्या अख्खं कुणालाच एकदम करायचं नसतं. कळ येते, चढते, टोकाला जाते आणि उतरते. जोरात कळा सुरू झाल्या तरी एक साधारण मिनिटभराची, मग मध्ये थोडी उसंत. मी बाईच्या कमरेवर हात ठेवून एवढंच म्हणते, ‘ही एक जाऊ दे.’ खांदे कानापर्यंत चढलेले असतात, ते खाली येतात. जबडा सुटतो. तेवढं तू आत्ताही करून बघू शकतेस. रोज रात्री पडल्या पडल्या एक मिनिट लांब उच्छ्वास सोड, खांदे नि जबडा ढिला कर. आयत्या वेळी शिकण्यापेक्षा हे बरं.

दुसरं, गोष्टी कुणाच्या ऐकतेस ते बघ. ज्यांचं बीपी कधी वाढलंच नाही त्यांचे किस्से तुला उपयोगाचे नाहीत, आणि भयकथा तर मुळीच नाहीत. तुझ्यासारखंच बीपी असून जी बाळंत झाली, तिला गाठ. तिने काय केलं ते विचार, किती दुखलं ते नको.

डॉक्टरांना मात्र नीट विचार. कळा सुरू करायचं औषध द्यावं लागलं तर किती वेळ लागू शकतो? (एक दिवसाहून जास्तही लागतो, मग ‘माझंच शरीर साथ देत नाही’ असं उगाच वाटत राहतं.) मॅग्नेशियमचं औषध लागलंच तर ते बीपीमुळे येणारे झटके टाळायला असतं, आणि देताना अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटतं. आधी माहीत असलेली बाई ‘हं, हेच ते’ म्हणते. माहीत नसलेली घाबरून माझा हात पकडते. बीपी आहे म्हणजे सिझरच, असंही नाही. आणि झालंच सिझर, तर ते तुझ्या हिमतीचं अपयश नव्हे. सिझरला काय काय होतं हेही विचारून ठेव, म्हणजे तिथेही तू नुसती टेबलावर आडवी नसशील.

सोबतीला कोण, हे आत्ताच ठरव. १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये निघाला. सतत कुणीतरी सोबत असलेल्यांची सिझर कमी झाली, कळांचा काळ थोडा कमी झाला, बाळंतपणाबद्दल वाईट वाटणंही कमी दिसलं. नवराच हवा असं काही नाही. घाबरट माणूस नको, एवढं बघ.

हिंमत बांधायची म्हणून लक्षणं अंगावर काढायची नाहीत हं. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, बरगडीखाली दुखलं, बाळाची हालचाल मंदावली, की तडक दवाखाना. रात्री दोनलासुद्धा.

बुधवारी तपासणीला जाशील तेव्हा हे प्रश्न कागदावर उतरवून ने, समोर गेल्यावर सुचत नाहीत. मला रात्रपाळी आहे, तेव्हा संध्याकाळी सातच्या आत फोन कर. आणि सोबतीला येण्याबद्दल मला विचारायचं असेल तर आडूनआडून नको, सरळ विचार. रजा आधी टाकावी लागते.

तुझीच,
वीणा