आई-बाबा, विसार देण्याआधी

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, गोल्फ कोर्सलगतचं जे घर तुम्ही घेऊ पाहताय, त्याच्या वसाहतीचं तुम्ही पाठवलेलं माहितीपत्रक आणि नकाशा मिळाला. फोनवर तुम्ही म्हणालात, "पडदा सरकवला की समोर नुसती हिरवळ." निवृत्तीनंतर तुमचा आवाज इतका खुललेला बऱ्याच दिवसांनी ऐकला. त्यात मोडता घालायला मी हे लिहीत नाहीये. पण तुम्ही दोघं आयुष्यभराची पुंजी एका जागेत घालणार आहात, आणि नाही जमलं म्हणून पुन्हा बिऱ्हाड हलवणं पुढे पुढे जड जाईल. फोनवर निम्मं बोलायचं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती त्या समोरच्या हिरवळीचीच. घर तुमच्या नावावर होईल, हिरवळ होणार नाही. गोल्फ कोर्सची जमीन कुठे बिल्डरची असते, कुठे वेगळ्या कंपनीची, कुठे क्लबच्या सभासदांची. अठरा होलच्या कोर्सला (पहिल्या फटक्याच्या जागेपासून चेंडू पाडायच्या खळग्यापर्यंतचा पट्टा म्हणजे एक होल) साधारण सव्वाशे ते दोनशे एकर जागा लागते. इतकी मोकळी जमीन, तीही चांगल्या वस्तीच्या मधोमध! खेळणारे कमी झाले आणि क्लबचा खर्च निघेना, की तिच्यावर इमारती उभ्या करू पाहणारी माणसं येतातच. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडलंय. तिथे 1990च्या दशकात भराभर कोर्स बांधले गेले. त्यातले कित्येक खेळाडूंची मागणी होती म्हणून नव्हे, तर भोवतालची घरं चढ्या भावाने विकली जावीत म्हणून. 2006 पासून पुढे बरीच वर्षं तिथे नव्याने सुरू होणाऱ्या कोर्सपेक्षा बंद पडणारे जास्त होते. कोर्स बंद पडला की पाणी देणं थांबतं, गवत कापणं थांबतं, आणि काही महिन्यांत फेअरवेवर, म्हणजे होलच्या मधल्या कापलेल्या हिरवळीवर, गुडघाभर रान माजतं. मग ती जमीन विकू द्यायची की नाही यावरून रहिवासी आणि मालक कोर्टात जातात. निकाल लागेपर्यंत घर विकायचं म्हटलं तरी गिऱ्हाईक मिळत नाही.

2020 नंतर गोल्फ खेळणारे बऱ्याच ठिकाणी पुन्हा वाढले. त्यामुळे विक्रीवाले आज जे आकडे दाखवतील ते चांगल्या वर्षांचे असतील. तुम्ही दहा वर्षांचे ताळेबंद मागा. सभासद किती होते, आज किती आहेत, कोर्सवर कर्ज आहे का, हे त्यातून कळेल. आणि वकिलांना एकच प्रश्न आधी विचारा: ही जमीन मोकळीच राहील असं बंधन जमिनीच्याच कागदांवर नोंदवलेलं आहे का? असेल तर किती वर्षांसाठी, आणि ते उठवायला कोणाची संमती लागते? विक्री कार्यालयातल्या माणसाचं तोंडी आश्वासन इथे काही कामाचं नाही. नकाशात दहा ते अठरा या नऊ होलवर बारीक अक्षरात 'प्रस्तावित' लिहिलंय, तुमच्या लक्षात आलं का? जे अजून झालेलं नाही त्याचे पैसे आत्ता मोजू नका.

आई, आता तुझ्याशी बोलते. तू म्हणालीस, "रोज सकाळी त्या हिरवळीवरून फिरायला जाईन." मला हे ऐकून भीती वाटली, कारण गोल्फ कोर्स म्हणजे बाग नव्हे. बहुतेक ठिकाणी खेळ चालू असताना न खेळणाऱ्यांना आत चालू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण चेंडू कुठून येईल ते कळत नाही. कुठे अंधार पडल्यावर परवानगी असते, कुठे तीही नसते. म्हणजे घराच्या पुढ्यात इतकं हिरवं, आणि तुला चालायचं मात्र रस्त्याच्या कडेनेच. त्या वसाहतीत चालायला वेगळी, सावलीची, सपाट वाट आहे का, बसायला बाक आहेत का, हे तू स्वतः जाऊन बघ. बाबा आठवड्यातले काही तास खेळतील. त्या घरात दिवसभर तू असणार आहेस, म्हणून या घराबद्दल तुझं मत माझ्या लेखी थोडं जास्तच महत्त्वाचं आहे. क्लबहाऊसमध्ये न खेळणाऱ्यांसाठी काय आहे, तिथल्या बायका दुपारी कुठे जमतात, वाचनालय आहे का, हे विचारायला संकोच करू नकोस.

चेंडूंबद्दल जरा बारकाईने लिहिते, कारण माहितीपत्रकात याचा एक शब्दही नाही. माझ्या एका मैत्रिणीचं घर अशाच एका फेअरवेच्या कडेला आहे. तिच्या मागच्या दाराशी एक बादली आहे, अंगणात सापडलेल्या चेंडूंनी काठोकाठ भरलेली. भिंतीच्या गिलाव्यावर खिडकीच्या उंचीला वाटीएवढे खळगे आहेत, पन्हळीला पोचे आहेत, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला काचेऐवजी जाड पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा बसवलाय. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती मुलांना मागच्या अंगणात खेळू देत नाही. गोल्फचा चेंडू जेमतेम 46 ग्रॅमचा असतो, पण साध्या हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरूनही (लांब फटक्याची काठी) तो ताशी 200 किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. बाबा, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा फटका बहुतेक वेळा उजवीकडे वळतो. म्हणून टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, बघताना फेअरवेच्या उजव्या हाताला, साधारण 180 ते 230 मीटरवर जी घरं असतात, त्यांना सगळ्यात जास्त मार बसतो. होल मध्येच वळत असेल तर आतल्या वळणावरचं घरही तसंच, कारण बरेच जण कोपरा ओलांडून फटका मारू बघतात. तुम्ही खूण केलेलं घर नेमकं कुठे येतं, ते नकाशावर पट्टी ठेवून मोजा. टीच्या मागचं किंवा टीच्या अगदी बाजूचं घर चेंडूंपासून बऱ्यापैकी सुरक्षित असतं. तिथे गप्पांचा आणि कार्टचा, म्हणजे खेळाडूंच्या छोट्या गाड्यांचा, आवाज तेवढा येतो.

काच फुटली तर भरपाई कोण देणार, हेही आधीच ठरलेलं असतं, आणि ते आपल्या बाजूने असेलच असं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या किंग्स्टन गावात एका कुटुंबाने 2017 साली पंधराव्या होललगत घर घेतलं. पुढच्या काही वर्षांत त्यांच्या घरावर आणि अंगणात साडेसहाशेहून जास्त चेंडू येऊन पडले. ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि व्याजासह सुमारे 49 लाख डॉलरची भरपाई ठरली. पण डिसेंबर 2022 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कारण घराच्या कागदांतच कोर्सच्या बाजूने काही हक्क राखून ठेवलेले होते, आणि त्यांचा अर्थ ज्युरीला नीट समजावून दिला गेला नव्हता. तसंच एखादं कलम तुमच्या खरेदीखतात असण्याची दाट शक्यता आहे. सही करण्याआधी ते कलम मोठ्याने वाचून घ्या, आणि घराच्या विम्यात चेंडूने झालेलं नुकसान धरलंय का तेही विचारा.

आवाजाचं थोडक्यात सांगते. ग्रीनवरचं, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरचं, गवत रोज, पहिला गट खेळायला येण्याआधी कापतात. म्हणजे उजाडायच्या सुमारास मशीन सुरू, पाठोपाठ पाचोळा उडवणारे ब्लोअर. रात्री फवारे चालू असतात, आणि बऱ्याच कोर्सवर प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात. ग्रीनवर बुरशीनाशकं आणि इतर औषधंही मारतात. आईचा दमा लक्षात घेता, फवारणीची सूचना रहिवाशांना आधी देतात का हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तळी असतील तर डास आलेच. शिवाय मागे उंच कुंपण घालायला बहुतेक वसाहती मनाई करतात, कारण त्यामुळे सगळ्यांचं दृश्य अडतं. तुम्ही व्हरांड्यात चहा घेत बसलात की कार्टमधून जाणारे अनोळखी लोक तुमच्याकडे बघत जाणार. काहींना ते आवडतं. तुम्हाला आवडेल का, ते तुम्हीच ठरवा.

आता पैशाचं. इथे दोन वेगळी खाती असतात आणि ती एकच समजून लोक फसतात. एक वसाहतीच्या संघाचं: रस्ते, दिवे, सुरक्षा, बागा. दुसरं क्लबचं: प्रवेशशुल्क, मासिक वर्गणी, कार्टचं भाडं, आणि कित्येक ठिकाणी क्लबच्या उपाहारगृहात दर महिन्याला किमान अमुक इतका खर्च करायलाच हवा अशी अट. घर घेतलं की सभासदत्व सक्तीचं आहे की ऐच्छिक? सक्तीचं असेल तर बाबांनी खेळणं थांबवल्यावरही ते भरत राहावं लागेल. सोडता येतं का, प्रवेशशुल्कातलं काही परत मिळतं का, की नवा सभासद येईपर्यंत रांगेत थांबावं लागतं? घर विकताना सभासदत्व नव्या मालकाकडे जातं का? ही उत्तरं लेखी घ्या.

मासिक रकमेपेक्षाही मला धास्ती वाटते ती मध्येच येणाऱ्या मोठ्या वर्गणीची. कोर्सला आयुष्य असतं. बंकरमधली, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांतली, वाळू 5 ते 7 वर्षांनी बदलावी लागते, पाणी देण्याची यंत्रणा 10 ते 30 वर्षं टिकते, ग्रीन 15 ते 30 वर्षांनी नव्याने बांधावे लागतात. कोर्स 20 वर्षांचा असेल आणि यातलं काहीच झालेलं नसेल, तर ते सगळं तुम्ही राहायला गेल्यानंतरच्या काळात येणार. तेव्हा राखीव निधी पुरेसा नसेल तर बोजा रहिवाशांवर पडतो, आणि तुमचं उत्पन्न तोवर पेन्शनपुरतंच असेल. शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली आणि पैसे कुठून आले, एवढं जरी विचारलंत तरी त्या व्यवस्थापनाबद्दल बरंच कळेल. मागच्या दोन-तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मिळाली तर जरूर वाचा. लोक कशावरून भांडतात ते त्यात असतं.

बाबा, एक गोष्ट लिहायला जड जातेय, पण लिहिते. तुमच्या कंबरेचं दुखणं आहे. तुम्ही आणखी पुष्कळ वर्षं खेळावं असं मला मनापासून वाटतं. पण ज्या दिवशी खेळणं थांबेल, त्या दिवशीही ते घर तुम्हाला हवंसं वाटलं पाहिजे. शयनकक्ष आणि न्हाणीघर तळमजल्यावर आहे का, पायऱ्या किती, दवाखाना किती लांब, गाडी चालवणं बंद झालं तर भाजी-औषध आणायला कसं जाणार, कामाला येणाऱ्या बाईला फाटकावर रोज अडवतात का, नातवंडं महिनाभर राहायला आली तर चालेल का? माझ्या मते घराची पारख याच प्रश्नांवर व्हायला हवी. कोर्स वगळून ते घर घ्यावंसं वाटत असेल, तर घ्या. फक्त कोर्ससाठी वाटत असेल, तर नुसतं क्लबचं सभासदत्व घेऊन दुसरीकडे राहणं शहाणपणाचं. अशा वसाहतींत पुष्कळ लोक गोल्फला हातही लावत नाहीत, ते शांततेसाठी आणि शेजारासाठी राहतात. त्यांच्याशी बोला. आत, फेअरवेपासून एक रांग मागे असलेली घरंही बघा. चेंडू तिथवर सहसा येत नाहीत, आणि कोर्स उद्या बंद पडला तरी त्या घरांना तितकी झळ लागत नाही.

तुम्ही तिथे नेहमी दुपारच्या निवांत वेळी, विक्रीवाल्यासोबत गेलात. एकदा पहाटे जा, एकदा सुट्टीच्या दिवशी ऐन गर्दीत, आणि शक्य झालं तर स्पर्धेच्या दिवशी, गाडी कुठे लावता येते ते बघायला. शेजारच्या घरांच्या भिंती आणि कौलं न्याहाळा, कुणी जाळ्या बांधल्यात का ते बघा. माझा आग्रह मात्र यापेक्षा मोठा आहे: त्याच वसाहतीत एखादं घर सहा महिने भाड्याने घ्या. आत्ताचं घर तोवर विकू नका. भाड्याचे पैसे वाया जातील असं बाबा म्हणतील. चुकीचं घर घेऊन ते पडत्या भावात विकण्यापेक्षा ते पैसे कितीतरी कमी आहेत.

विसाराची तारीख पुढे ढकलायला सांगा. ते नाही म्हणाले, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणाले, तरी सही करू नका. खरेदीखताचा मसुदा, वसाहतीची नियमावली, क्लबचा करार आणि ताळेबंद असे चारही कागद मला पाठवा. मी वकिलांशी बोलून ठेवलंय, ते सगळं वाचून तुमच्याशी फोनवर बोलतील. दादालाही हेच पत्र पाठवतेय. पुढच्या महिन्यात मी येते, तेव्हा तिघं मिळून पहाटेच्या वेळी तिथे जाऊ.

आईने औषधं वेळेवर घ्यावीत.

तुमची,
लेक