काम खाली कसं ठेवावं हे शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सादर नमस्कार.

पाणथळीच्या चित्राचा तीन-चतुर्थांश भाग भरून झाला. आकाश, पलीकडच्या तीरावरची झाडी आणि बगळ्यांची रांग पूर्ण झाली, आता खालचं पाणी तेवढं राहिलं आहे. फोनवर सांगूनही भागलं असतं. पण मोठं क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीच्या टाक्यांचं भरतकाम, हौसेने सुरू करून मध्येच थबकलेली माणसं मला सतत भेटतात, आणि त्यांना मी जे जे सांगते ते सगळं मूळ तुमचं असतं. तेव्हा तुमचे आभार सगळ्यांदेखत मानावेत असं मनात आलं.

मी तुमच्याकडे आले ती टाका शिकायला आले नव्हते. फुली घालता येत होती, चार्ट, म्हणजे कोणत्या घरात कोणत्या रंगाची फुली येते ते दाखवणारा चौकटींचा कागद, वाचता येत होता. चित्र मात्र २४० घरं रुंद आणि ३२० घरं उंच, ८६ छटांचं, आणि एकही घर मोकळं न सोडणारं. वरच्या कोपऱ्यात थोडं भरून झालं होतं आणि तिथून ते हलत नव्हतं. तुम्ही कापड उलटसुलट करून पाहिलंत आणि एकच प्रश्न विचारलात, "काम खाली ठेवतेस तेव्हा कसं ठेवतेस?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. सुईतला धागा संपला की उठायचं, ही बहुतेकांची रीत. तुमचं म्हणणं, उठायला त्याच्याइतकी वाईट जागा नाही. दुसऱ्या दिवशी बसलं की आधी छटा शोधा, धागा कापा, पदर सोडवा, सुई ओवा, चार्टवर जागा हुडका, मग कापडावर घरं मोजा. पहिला टाका पडायच्या आतच पाव तास जातो, आणि दमलेल्या माणसाला तो पाव तास डोंगराएवढा वाटतो. म्हणून धागा निम्मा शिल्लक असताना, ओळीच्या मध्यावर उठायचं. उठण्याआधीची पाच मिनिटं राखून ठेवायची. झालेली घरं चार्टवर रंगवायची, पुढच्या चौकोनाला पेन्सिलीने गोल करायचा, लागणाऱ्या तीन-चार छटांच्या सुया ओवून ठेवायच्या. सुई चित्राच्या भागात कधी खोचायची नाही, बाहेरच्या समासात खोचायची, कारण दमट हवेत सुईला गंज चढतो आणि त्याचा डाग कापडावरून निघत नाही.

उभी हयात तुम्ही हिशेबाच्या वह्या लिहिण्यात घालवलीत. दिवसाची रोकड जुळल्याशिवाय वही मिटायची नाही, ही सवय तुम्ही भरतकामात जशीच्या तशी आणलीत. ती मी उचलली आणि काम चालू लागलं. दुसऱ्या दिवशी फ्रेम पुढ्यात ओढली की हात आपोआप टाका घालायला लागतो, विचार करावा लागत नाही. बाकी जे काही तुम्ही शिकवलंत ते या एका गोष्टीच्या आधाराने उभं आहे असं मला वाटतं.

मग तुम्ही आकड्यांची भीती घालवलीत. २४० गुणिले ३२० म्हणजे ७६,८०० टाके. हा आकडा मीही काढला होता आणि त्यानेच माझे हात गळाले होते. तुम्ही त्याला शंभराने भागलंत. दहा घरं रुंद, दहा घरं उंच असे ७६८ चौकोन. तासाला १२० टाके धरले तर चौकोनाला पन्नास मिनिटं, म्हणजे एक बैठक. सगळे मिळून ६४० तास, रोज एक तास दिला तर पावणेदोन वर्षं. हे तुम्ही जराही गोड करून सांगितलं नाहीत. "पावणेदोन वर्षं तशीही जाणारच आहेत," असं म्हणालात आणि चार्टची घडी माझ्या हातात दिलीत. वेळ किती लागणार हे स्वच्छ कळल्यावर मन शांत होतं, हा अनुभव मी त्या दिवशी घेतला.

पण लगेच ताकीदही दिलीत, की रोजचे टाके मोजायचे नाहीत, बसण्याचा वेळ मोजायचा. त्यामागचं कारण झाडीत शिरल्यावर कळलं. आकाशात एकेका छटेचे मोठे पट्टे असतात, सुई सरसर जाते. झाडीत एका चौकोनाच्या शंभर घरांत पंचवीस-पंचवीस छटा. इथे एक टाका, तिथे दोन, पुन्हा रंग बदला. तेवढ्याच वेळात निम्मंही काम होत नाही. टाके मोजत बसले असते तर त्या भागात रोज रात्री मन खट्टू झालं असतं. वेळ मोजल्यामुळे झाडीच्या त्या किचकट भागातही रोजचा तास पुरा केल्याचं समाधान मिळत राहिलं.

चौकोनांची आखणी मी तुमच्याच पद्धतीने केली, आणि ज्यांना विचारायचं असेल त्यांच्यासाठी ती नीट सांगते, कारण मोठ्या कामाची अर्धी चिंता तिथेच मिटते. चार्टवर दर दहा घरांनी जाड रेघ असते. तशीच रेघ कापडावर हवी. पाण्याने जाणारं पेन छोट्या कामाला चालतं, पण मोठं काम वर्षानुवर्षं हाताळलं जातं, रेघा पुसट होतात. शिवाय चुकून इस्त्री फिरली तर उष्णतेने ती शाई कायमची बसू शकते. तुम्ही मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा वापरायला सांगितलात. तो धावदोऱ्याने घालायचा, दर दहा घरांवर, आधी उभा मग आडवा. या दोऱ्याची खुबी अशी की सुई त्याला भोसकू शकत नाही. सुती दोऱ्याच्या रेघेवरून टाके गेले की सुई त्या दोऱ्यात घुसते आणि शेवटी दोरा उपसताना वरचे टाके ओढले जातात. नायलॉनचा दोरा गुळगुळीत, एका टोकाला धरून ओढला की अलगद निघतो. वरच्या भागातल्या रेघा मी काढल्या तेव्हा एकही टाका हलला नाही.

रेघांचा दुसरा उपयोग चुका रोखण्याचा. चौकोन भरून झाला की शेवटचं घर रेघेला टेकतंय ना, एवढंच पाहायचं. एखादं घर इकडचं तिकडे झालं असेल तर तिथल्या तिथे कळतं, चूक दहा घरांच्या पुढे जात नाही. आणि कळल्यावर लगेच उसवायला घ्यायचं नाही, हेही तुमचंच. आधी हात लांब करून बघायचं. झाडीत एक हिरवा टाका शेजारच्या घरात पडला तर पानांना काही फरक पडत नाही, तो राहू द्यावा. बगळ्याच्या मानेत किंवा क्षितिजाच्या ओळीत पडला तर मात्र उसवावाच. ही पारख कुठल्या चार्टवर छापलेली नसते.

आता आपल्या जुन्या वादाकडे येते. तुम्ही एका रंगाचं सगळं काम आधी संपवणाऱ्या. माझा जीव धागे पार्क करण्यात रमला. सुरुवातीला तुम्हाला ते पटलं नव्हतं, तरी शिकवलंत तुम्हीच! या चौकोनातलं त्या छटेचं काम संपलं की धागा कापायचा नाही. चार्टवर पुढची तीच खूण कुठे आहे ते बघायचं, त्या घराच्या खालच्या डाव्या भोकातून धागा वर काढायचा आणि तसाच लोंबता ठेवायचा. चौकोनामागून चौकोन सरकत गेलं की पुढच्या चौकोनात आधीच दहा-बारा धागे आपापल्या जागी उभे असतात. मोजायचं फारसं उरत नाही, कुठल्या भोकातून कोणता रंग येतोय ते बघून टाका घालायचा. दोन घरांमध्ये अंतर फार असेल तर मात्र मागच्या टाक्यांखालून धागा ओढून तिथेच संपवायचा, नाहीतर मागे लांब लांब दोरे लोंबतात आणि सुई त्यांच्यात अडकते. लोंबणारे धागे वरच्या बाजूला एकत्र धरून चिमट्यात अडकवले की गुंता होत नाही. आकाशासाठी तुमची पद्धत सरस, हे मी मनापासून कबूल करते. मोठ्या एकरंगी पट्ट्यात पार्किंगला काही अर्थ नाही. झाडीत मात्र मी माझं म्हणणं सोडणार नाही.

धाग्याबद्दल तुम्ही जे बारकावे दाखवलेत ते पटापट लिहून टाकते. सहा पदरी लडी साधारण आठ मीटरची. १६ काउंटच्या आयडावर, म्हणजे इंचाला १६ घरं असलेल्या भरतकामाच्या कापडावर, दोन पदर पुरे होतात, तेव्हा एका लडीतून दोन पदरी धागा २४ मीटर निघतो. पदर एकेक करून सोडवायचे आणि मग जुळवायचे, म्हणजे टाका फुगीर बसतो. धागा दीड फुटापेक्षा लांब घ्यायचा नाही, कारण नेढ्यापाशी तो घासून विरतो आणि शेवटचे टाके मळकट दिसतात. दर काही टाक्यांनी सुई लोंबती सोडून पीळ उतरू द्यायचा. फुलीची वरची तिरकी रेघ सगळ्या चित्रभर एकाच दिशेला. ही शेवटची गोष्ट लहान वाटते, पण प्रकाश पडला की उलट दिशेचा एकच टाका अख्ख्या आकाशात उठून दिसतो. पार्श्वभूमीच्या मुख्य छटेच्या लडी सुरुवातीलाच एकदम घेऊन ठेवायला लावल्यात, वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या धाग्यांत किंचित फरक येतो म्हणून. दोन पावसाळ्यांनंतर आज त्या दूरदृष्टीचं मोल कळतंय.

मानेचीही काळजी घेतलीत. फ्रेम मांडीवर न ठेवता स्टँडवर लावायची, उजेड डावीकडून घ्यायचा म्हणजे माझ्या उजव्या हाताची सावली पडत नाही, आणि वीस मिनिटांनी नजर उचलून लांब कुठेतरी बघायचं. ही शिस्त पाळली नसती तर हा छंद केव्हाच सुटला असता असं मला खरंच वाटतं.

एक मला फार आवडलेली गोष्ट सांगायची राहिलीच. तुम्ही रोज फोटो काढू दिले नाहीत. चौकोनांची आडवी ओळ, म्हणजे २४ चौकोन, पुरी झाली की एक फोटो, त्याच भिंतीला टेकवून, त्याच खिडकीच्या उजेडात. रोजच्या फोटोत काही हललेलं दिसत नाही आणि उगाच वाटतं की आपण जागच्या जागी आहोत. ओळीओळीचे फोटो शेजारी ठेवले की आकाश कसं खाली उतरत आलं ते डोळ्यांना दिसतं. झाडीतल्या रेंगाळलेल्या दिवसांत मी कितीदा ते फोटो चाळले असतील!

आणि दमलेल्या दिवसांसाठी तुम्ही दिलेली ती छोटी चौकट, दोनच रंगांची, बारीक किनारीची. "मोठी दोन कामं एकदम कधी काढू नकोस, पण एक लहान हाताशी असू दे." ज्या संध्याकाळी चार्टवरच्या खुणा डोळ्यांपुढे नाचायला लागायच्या त्या संध्याकाळी मी ती घ्यायची. सुई हातात राहिली, सवय तुटली नाही.

ताई, तुम्ही माझ्यासाठी किती तास दिलेत याचा तुम्ही कधी उच्चारही केला नाहीत. मी विचारलेला कुठलाही प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटला नाही. माझ्या कामावर बोट ठेवायचं असेल तेव्हाही आधी तुम्ही भिंगातून टाके पाहायचात, मग बोलायचात. इतक्या आदराने माझ्या हातच्या कामाकडे त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

आता पाण्याचं विचारायचं आहे. प्रतिबिंबात निळ्याच्या दोन छटा इतक्या जवळच्या आहेत की दिव्याखाली मला त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. लडींना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत, तरी ओवलेल्या सुया सरमिसळ होतात. तुम्ही अशा वेळी सुया कशा ठेवता? रविवारी सकाळी, ऊन असताना, कापड घेऊन येते.

तुमची,
पाणथळीचं चित्र भरणारी