पिवळा बेडूक विषारी नव्हे

माननीय संपादक,
स. न.

मृगाच्या सरी कोसळल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ हमखास फिरू लागतो. साचलेल्या पाण्यात हळदीसारखे पिवळेजर्द बेडूक, जबड्याखाली निळे फुगे आणि सोबत ‘विषारी परदेशी बेडूक, मुलांना दूर ठेवा’ असा मजकूर. मग कुणी फिनाईल ओततो, कुणी काठी उचलतो.

हा बेडूक परदेशी नाही आणि विषारीही नाही. तो आपला इंडियन बुलफ्रॉग. एरवी शेवाळी-तपकिरी, अंगावर गडद ठिपके. धानाच्या बांध्यांत दिसतो तोच. पिवळा होतो फक्त नर, तोही जोराच्या पावसानंतर मिलनाच्या थोड्या काळापुरता. निळे फुगे म्हणजे त्याच्या आवाजाच्या पिशव्या. काम आटोपले की रंग उतरतो, आणि ‘परदेशी’ पाहुणा गायब झाला असे लोकांना वाटते.

ठिपक्यांवरून ओळखायला गेलात तर फसाल. आपल्या तलावांवर ठिपक्यांचा आणखी एक बेडूक सर्रास दिसतो, इंग्रजीत स्किटरिंग फ्रॉग म्हणतात तो. डोळे तेवढे वर ठेवून तरंगतो आणि चाहूल लागली की पाण्यावरून टणाटण उड्या मारत पळतो. आकारावरही जाऊ नये. पूर्ण वाढलेला बुलफ्रॉग 15 सेंटीमीटरच्या आसपास भरतो खरा, पण त्याचे पिल्लू या दुसऱ्याएवढेच असते. पाठ बघावी. बुलफ्रॉगच्या पाठीवर उभ्या, लांब घड्या असतात आणि बहुधा मधोमध फिकट रेघ. दुसऱ्याची पाठ खरबरीत, पुटकुळ्यांची. त्यावर रेघ नाही. विषग्रंथी असतात त्या भेकाला (इंग्रजीत टोड म्हणतात तो), डोळ्यांच्या मागे ठळक फुगीर. तोही अंगावर धावून येत नाही.

बुलफ्रॉग काही साधू नाही. किडे, उंदीर, लहान साप, दुसरे बेडूक, तोंडात मावेल ते गिळतो. माणसांमुळे अंदमानात पोचला, तर तिथल्या जिवांना डोईजड झाला आहे. पण इथे तो मूळचा, आणि शेतातल्या किडींवर त्याचा वचक आहे. तंगड्यांच्या निर्यातीपायी देशभर त्याची बेसुमार पकड झाली, तेव्हा कुठे 1987 साली निर्यातबंदी आली.

डेंग्यूच्या भीतीने डबकी बुजवणाऱ्यांची काळजी मी समजू शकतो. मात्र डेंग्यूचा डास मुख्यतः कूलरच्या टाकीत, टायरात, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. बुलफ्रॉग अंडी घालतो उथळ, पावसाळी पाण्यात, कारण तिथे ती खायला मासे नसतात. नागपूरकरांनी आपापले कूलर वेळेवर रिकामे केले, तर तलावाकाठच्या सखल जागांवर मुरूम टाकायची एवढी घाई राहणार नाही.

अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा या तलावांवर जूनपूर्वी मराठी फलक लागावेत आणि त्यावर एकाच नराची दोन छायाचित्रे असावीत, एक पिवळ्या रंगात, एक ठिपक्यांत. तोवर आपल्या दैनिकाने ती जोडी पहिल्या पावसाच्या बातमीशेजारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नागपूर