मनूला, बाथरूमच्या कोटेशनबद्दल

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस ना, आई मला भाव करताच येत नाही गं, कॉन्ट्रॅक्टर समोर बसला की तोंडच उघडत नाही, आणि घरातले सगळे म्हणतात अडीच लाख सांगितलेत तर पावणेदोनवर आण, ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय म्हणून सविस्तर लिहितेय. तुला भाव करता येत नाही हे चांगलंच आहे बाळा. शिकूही नकोस.

आपलं 2009 चं वरचं बाथरूम आठवतं का? बाबांनी त्या माणसाला तीन दिवस घासला आणि 85 हजारांवरून 62 वर आणला, इतका आनंद झाला की येताना पेढे घेऊन आले. दोन वर्षांत खालच्या खोलीच्या स्लॅबला ओल आली, पोपडे पडायला लागले. फरशी उकरली तर वॉटरप्रूफिंगचा थर नावालाच, आणि गिझरला चार एमएमची जाड वायर पाहिजे तिथं दीड एमएमची ओढलेली. म्हणजे ते 23 हजार त्यानं कुठूनतरी काढायचेच होते, ते जिथं आपली नजर जात नाही तिथून काढले. तो चुकलाच, पण आम्हीही त्याला एकदासुद्धा विचारलं नाही की बाबा रे, तू एवढं कमी करतोयस तर नक्की काय कमी करणार आहेस. मंडईत वांगी घेताना भाव कर, वांगी समोर दिसतात, किडकं निघालं तर बाजूला ठेवता येतं. बाथरूम तर भाव ठरवताना अजून झालेलंच नसतं.

मी जिल्हा परिषदेत बांधकाम विभागात टेंडरच्या टेबलावर इतकी वर्षं काढली. तिथं सगळ्यांना एकच यादी जायची, एकच शेवटची तारीख, सीलबंद पाकिटं सगळ्यांसमोर उघडायची आणि मग तुलनात्मक तक्ता. केंद्रीय दक्षता आयोगानं तर 2007 च्या परिपत्रकात सांगितलंय की टेंडर उघडल्यावर वाटाघाटी शक्यतो करूच नयेत, अगदीच वेळ आली तर फक्त सगळ्यात कमी दरवाल्याशी. आणि ते खरंच आहे, कारण नंतर घासाघीस होणार हे एकदा माहीत झालं की प्रत्येक जण आधीच वाढवून सांगतो.

तू घरी हेच कर. कुणाला बोलवायच्या आधी यादी लिही. जुन्या टाइल्स फोडून राडारोडा खाली कोण नेणार आणि टेम्पोचे पैसे कुणाचे, भिंतीची टाइल सात फुटांपर्यंत की थेट सिलिंगपर्यंत (याच्यावर बिल फार फिरतं), टाइल्स तू आणणार की तो, पाइप सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा) आहे का आणि कुठल्या कंपनीचा, वायर किती एमएमची, आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर 48 तास पाणी भरून ठेवून खालच्या फ्लॅटमध्ये ओल येत नाही हे दाखवायचं, हे तर लिहच. तिघा कॉन्ट्रॅक्टरांच्या हातात हाच कागद दे, म्हणजे आकडे शेजारी शेजारी ठेवले की खरंच तुलना होते. नाहीतर एकाचं लेबर रेट, दुसऱ्याचं विथ मटेरियल, तिसरा जीएसटी सोडून बोलतोय आणि आपण उगाच त्याला स्वस्त समजतो. 18 टक्के धरले की दोन लाखांचे 2 लाख 36 हजार होतात गं.

आणि बोलायचं काय ते इथंच लिहून देते, वाचून दाखवलंस तरी चालेल: "दादा, मी भाव करणार नाही. तिघांना हीच यादी दिली आहे. तुम्हाला परवडतो तो तुमचा शेवटचा रेट एकदाच लिहून द्या, रविवारी मी ठरवते आणि काम मिळो न मिळो फोन करून सांगते." बस. मग शब्द पाळायचा. एकाचा आकडा दुसऱ्याला दाखवून "तो एवढ्यात करतोय" असं अजिबात म्हणायचं नाही, रविवारनंतर कुणी "मॅडम अजून दहा कमी करतो" म्हणाला तरी नाही. तोच आधी दहा कमी का नाही बोलला?

कोणी इतरांपेक्षा खूपच खाली आला तर लगेच हुरळू नकोस, त्याला यादी घेऊन बसव आणि एकेक ओळ विचार. बहुतेक वेळा काहीतरी राहिलेलं असतं. आणि पैशाचं बजेटच कमी असेल तर रेट नको कमी करायला लावू, काम कमी कर, एकच बाथरूम आत्ता कर, दुसरं दिवाळीनंतर.

किचन ट्रॉलीवाल्या शोरूममधलं ते "आज बुक केलं तर 20 टक्के ऑफ" पण तसंच. त्या मुलाला शांतपणे म्हण, ऑफ वगैरे सगळं जाऊन जो आकडा उरतो तो कागदावर द्या, पंधरा दिवस चालेल असा. प्लायवर आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का आहे का ते मात्र स्वतः बघ, सिंकखाली तेच लागतं, आणि कोटेशनमध्येही लिहून घे.

तुझ्या सासूबाईंना वाईट वाटू देऊ नकोस, भाव कर असं त्या काळजीनंच सांगतात. त्यांना यादीच दाखव ना, त्यांच्या लक्षात येईल अशी एखादी गोष्ट आपल्याकडून सुटलेली असेल.

रविवारी तिन्ही कागदांचे फोटो पाठव, मी तक्ता करून देते. आणि ज्या दोघांना काम देणार नाहीस त्यांना फोन करायचं विसरू नकोस, तुझ्या घरी येऊन टेप लावून मापं घेतलेली असतील त्यांनी, अर्धा दिवस गेलेला असेल त्यांचा.

तुझी,
आई