खिडकीकडे तोंड करून बसलेल्या मुलास

चि. शेजारच्या घरी राहणाऱ्या विद्यार्थ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे नाव कुठेही लिहायचे नाही ही तुझी अट मी पाळते आहे. आभार मानायचे नाहीत ही दुसरी अट मात्र मला पाळता येणार नाही. गेल्या रविवारी रात्री आमच्या संगणकावर ह्यांची पत्रे पुन्हा दिसू लागली, आणि तू गेल्यावर मी पहाटेपर्यंत ती वाचत बसले होते.

त्या जुन्या यंत्राचे आम्हाला काय मोल आहे, हे तुला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातील आमच्या घरात छातीइतके पाणी शिरले, ट्रंकेतील पत्रांचा आणि फोटोंचा लगदा झाला, आणि माळ्यावर चढवलेला हा संगणक तेवढा वाचला. तो घेऊनच आम्ही इकडे विश्रामबागेत आलो. हे हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. लेक परदेशी गेल्यापासून ते तिला जीमेलच्या खात्यावरून, थंडरबर्ड नावाच्या ई-मेल प्रोग्रॅममधून नेमाने पत्रे लिहीत. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे, ४० फुटांची इशारा पातळी ओलांडली का, ४५ ची धोका पातळी अजून किती दूर आहे, आणि उन्हाळ्यात राजापुरी हळदीचा भाव काय निघाला, एवढाच बहुधा मजकूर असे. माया शब्दांत लिहिण्याची त्यांची रीत नव्हती.

ते २०२१ साली गेले. पुढच्या वर्षी तो प्रोग्रॅम सारखा पासवर्ड मागू लागला आणि कितीही वेळा दिला तरी नाकारू लागला. केवळ नाव आणि पासवर्ड विचारणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमना गूगलने ३० मे २०२२ पासून प्रवेश देणे थांबवले, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते, हे मला तुझ्याकडून कळले. तोवर चूक माझ्याच बोटांची आहे असे मी धरून चालले होते, आणि ज्यांच्याकडे गेले त्यांनीही ती समजूत पक्की करून दिली.

पहिल्या दुकानदाराने प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला, रिकामी खिडकी दाखवली आणि पाचशे रुपये घेतले. दुसऱ्याने फॉरमॅट मारावे लागेल, जुने काही राहणार नाही, असे सांगून वर ‘या वयात मेल कशाला, मोबाइल बघा’ असा सल्लाही दिला. आयटीतल्या भाच्याने फोनवर ‘मामी, सगळे क्लाउडवर असते’ म्हणून निश्चिंत राहायला सांगितले. क्लाउडवर काहीही नव्हते. ह्यांनी ई-मेल यंत्रात उतरवून घेण्याची पॉप पद्धत ठेवली होती, आणि तीही गूगलकडे प्रत न ठेवणारी. पोस्टमनने पत्र घरी आणून टाकले की पोस्टात त्याची प्रत उरत नाही, तसा तो प्रकार, हे तू एका वाक्यात समजावलेस. पत्रे होती ती याच यंत्रात, आणि नव्याने घातलेला प्रोग्रॅम भलत्याच कपाटात डोकावत होता. तू कशालाही हात लावण्याआधी ते जुने कपाट सबंध पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेस. पुढची खटपट मला सांगता येणार नाही आणि तिच्यासाठी मी हे पत्र लिहीतही नाही.

मी लिहिते आहे ते त्यानंतरच्या दहा मिनिटांविषयी. पासवर्ड ह्यांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर होता. ते मला घरात ज्या नावाने हाक मारत ते नाव आणि आमच्या लग्नाचे साल, असा तो पासवर्ड. पहिल्या दुकानात तो मी चिठ्ठीवर लिहून दिला, तेव्हा तिथल्या मुलाने तो चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचला आणि हसला. त्यानंतर ती डायरी कुणापुढे उघडण्याचे बळ माझ्यात राहिले नव्हते. तू मात्र काही न विचारता खुर्चीवरून उठलास, मला बसवलेस, ‘आजी, तुम्हीच टाइप करा’ म्हणालास आणि स्टूल फिरवून खिडकीकडे तोंड करून बसलास. मी एका बोटाने टंकन करते, दोनदा चुकले, मोबाइलवर आलेला आकडा चष्म्याशिवाय दिसेना. एवढ्या वेळात तू एकदाही मान वळवली नाहीस, की उसासा टाकला नाहीस. पत्रे एकामागून एक दिसू लागली तेव्हाही पाठ तशीच ठेवून ‘आली का, आजी?’ एवढेच विचारलेस. मला उत्तर देता आले नाही, हे तुझ्या लक्षात आले असावे, कारण तू पुन्हा विचारले नाहीस.

माझ्या लहानपणी, तासगावजवळच्या आमच्या गावात, ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांची पत्रे एक मास्तर वाचून दाखवत. कुणाचा मुलगा मुंबईत गिरणीत लागला, कुणाच्या लेकीला सासरी जाच आहे, हे अर्ध्या गावाचे त्यांना माहीत असे. पण पत्र घडी करून परत दिले की चावडीवर त्यातला शब्दही त्यांच्या तोंडून निघत नसे. दुसऱ्याच्या घरातले पाहावे लागले तरी न पाहिल्यासारखे राहायचे, हे तू शिकतोस त्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात असेल असे मला वाटत नाही. तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार कळव.

तू पैसे घेतले नाहीस. भडंगाची पुडी घेतलीस, तीही मी रागावल्यावर. काल मी लेकीला त्याच प्रोग्रॅममधून पहिला ई-मेल पाठवला आणि विषयाच्या जागी तिच्या वडिलांप्रमाणेच ‘आयर्विन’ असे लिहिले. घाईत पातळी लिहायची राहून गेली. अर्ध्या तासात तिचे उत्तर आले: ‘किती फूट?’

तुझी,
शेजारची आजी
विश्रामबाग, सांगली