कोटींच्या स्कॉलरशिपच्या बातमीत एक आकडा कायम गायब असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च-एप्रिल आला की आपल्याच नाही, सगळ्याच पेपरांत एक बातमी ठरलेली असते, अमक्याला अमेरिकेच्या कॉलेजात ८५ लाखांची स्कॉलरशिप, कधी एक कोटीची, कधी दोन. शेजारी पेढा भरवतानाचा फोटो. पोरांची मेहनत असतेच, त्याबद्दल काही म्हणायचं नाहीये, पण ते ८५ लाख एका वर्षाचे की चार, आणि उरलेले पैसे कोण भरणार हे कुठेच छापलेलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी असं एक लेटर आमच्याही घरी आलं होतं. मुलीला वर्षाला २५,००० डॉलर, चार वर्षांचे मिळून एक लाख डॉलर, म्हणजे तुमच्या हेडलाइनचे बरोबर ८५ लाख! मी तर नातेवाईकांना फोन करायला घेतले होते, मुलीनेच थांबवलं. तिने त्या कॉलेजचा 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स' काढून दाखवला, म्हणजे ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं, इन्शुरन्स सगळं धरून, तो होता वर्षाला ७८,०००. म्हणजे दरवर्षी ५३,००० आम्ही भरायचे, चार वर्षांचे झाले एक कोटी ऐंशी लाख. आणि खाली बारीक अक्षरात, जीपीए, म्हणजे तिथली मार्कांची सरासरी, ३.० च्या खाली गेला तर स्कॉलरशिप बंद.

त्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजचं लेटर आलं, त्यात स्कॉलरशिप हा शब्दच नव्हता. 'ग्रँट' लिहिलं होतं, वर्षाला ६६,००० डॉलर, एकूण खर्च ८०,०००. आमच्या वाट्याला १४,०००. ती तिथेच गेली, बातमी काही झाली नाही.

फरक काय तर पहिलं मेरिटवर होतं, दुसरं गरजेवर, म्हणजे घरचं उत्पन्न बघून दिलेलं. हे आम्हाला फार उशिरा कळलं. हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे आयव्ही लीगची कॉलेजं मेरिट स्कॉलरशिप देतच नाहीत, जे काय मिळतं ते गरजेवर. मदत मागायला एफएएफएसए नावाचा सरकारी फॉर्म सगळे सांगतात तो आपल्या मुलांसाठी नाहीच, तो तिथले नागरिक आणि ग्रीन कार्डवाले वगैरेंसाठी. आपल्याला बऱ्याच ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा, घरच्या पैशांची माहिती देणारा फॉर्म भरावा लागतो, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६, काही कॉलेजांना फी जड जाते असं लिहिलं की ते माफीचा कोड देतात किंवा दुसरा फुकटचा फॉर्म देतात, पण मागावं लागतं. त्यात पगार, बचत, घर, जमीन सगळं विचारतात. आमच्या सातबाऱ्यावर सहा जणांची नावं, ते त्या चौकटीत कसं बसवायचं? शेवटी आमच्या हिश्श्याचं तेवढं लिहिलं आणि बाकीचं स्पेशल सर्कमस्टन्सेसच्या जागेत समजावून सांगितलं.

आता खरी मेख. ॲडमिशनच्या अर्जातच विचारतात, फायनान्शियल एड, म्हणजे पैशांची मदत, मागणार का? आमचे कन्सल्टंट म्हणाले 'नो' टिक करा, चान्स वाढतो, एकदा आत गेलं की मग मागू. अर्धं बरोबर आहे. बहुतेक कॉलेजं बाहेरच्या मुलांसाठी 'नीड अवेअर' असतात, पैसे मागणाऱ्याला घ्यायच्या आधी विचार करतात. उत्पन्न न बघता घेणारी, नीड ब्लाइंड, अगदी मोजकी आहेत, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमाउथ आणि बोडन, अजून दोन-चार. पण 'आत गेल्यावर मागू' हे फसवं आहे, कारण ॲडमिशनच्या वेळी मागितलं नाही तर बाहेरच्या मुलांना पुढे चारही वर्षं काही मिळणार नाही असा बऱ्याच कॉलेजांचा नियम असतो. आम्ही 'यस' केलं, तीन ठिकाणी नकार आला, चालतं.

बरं, गोंधळ आपलाच होतो असंही नाही. अमेरिकन संसदेसाठी सरकारी कामाची तपासणी करणारं जीएओ नावाचं ऑफिस आहे, त्यांच्या २०२२ च्या रिपोर्टमध्ये होतं की ९१ टक्के कॉलेजं ऑफर लेटरमध्ये नेट प्राइस, म्हणजे खिशातून जाणारा आकडा, देतच नाहीत किंवा कमी दाखवतात. कर्जाची रक्कमसुद्धा 'एड' म्हणून बेरजेत धरलेली असते कधीकधी! बाबासाहेबांना १९१३ साली सयाजीराव महाराजांनी कोलंबियाला पाठवलं तेव्हा महिना ११.५० पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर संस्थानात नोकरी, सगळं कसं स्पष्ट होतं.

अजून एक, मिळालेल्या पैशातला ट्यूशन, फी आणि पुस्तकं सोडून उरलेला भाग, म्हणजे राहण्या-जेवणाचा, तिथे टॅक्सेबल धरतात, एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्यांचा १४ टक्के कापतात. आमच्या वेळी ८,००० वर ११२० डॉलर अचानक बिलात आले, मी घाबरलेच. नंतर रिटर्न भरल्यावर परत मिळाले कारण भारताशी करार असल्याने आपल्या मुलांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. पण आधी भरायला तर हवेत ना.

तर विनंती इतकीच की अशी बातमी छापताना दोनच आकडे जास्तीचे विचारा, चार वर्षांचा एकूण खर्च किती आणि घरून किती जाणार. सांगितलं नाही तर तसं छापा. पत्र मोठं झालंय, जागा नसेल तर माझी रडकथा खुशाल कापा, पण सीएसएस प्रोफाइलचं आणि त्या टिकचं राहू द्या, बाकीचं शोधून सापडतं, हे मुदत गेल्यावर कळतं.

आपली नम्र,
एक पालक